किमान दहा मिनिटे

अर्ज पाच पानांचा होता आणि सावळीरामांनी तो शेवटच्या पानापासून वाचायला घेतला. ही त्यांची नोकरीतली सवय होती. तहसील कचेरीत चौतीस वर्षे दुसऱ्यांचे अर्ज तपासून त्यांना एक गोष्ट कळली होती. ज्याने अर्ज छापला त्याच्या मनात काय आहे ते पहिल्या पानावर कधी नसते; ते मागे, बारीक टायपातल्या सूचनांमध्ये असते.

सूचना क्रमांक नऊपाशी ते थांबले. ‘डबा ज्येष्ठ व्यक्तीच्या हातात द्यावा, दाराच्या कडीला अडकवून जाऊ नये. ज्येष्ठ व्यक्ती जेवायला बसेपर्यंत, किमान दहा मिनिटे, थांबावे.’

सूचना डबा पोचवणाऱ्यांसाठी होती. अर्जदाराने ती वाचावी अशी कोणाची अपेक्षा नसावी. सावळीरामांनी ती तीनदा वाचली, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि चौथ्यांदा वाचली.

इंदिरानगरातल्या त्या जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि ते तिसऱ्या मजल्यावर राहत. शहात्तरावे वर्ष चालू होते, दोन्ही गुडघे कुरकुरत होते. पत्नी लताबाई जाऊन चौदा महिने झाले होते. मुलगा अश्विन हैदराबादला असे, दर रविवारी दुपारी त्याचा फोन येई आणि पहिला प्रश्न ठरलेला असे, “बाबा, जेवण झालं?” सावळीराम म्हणत, “झालं.” चौदा महिन्यांत या उत्तरात फरक पडला नव्हता. त्यात खरे किती होते ते त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला ठाऊक होते. त्याला घरच्या घरी खिळ्याने तीन नवी भोके पाडावी लागली होती.

स्वयंपाक त्यांना येत नव्हता असे नाही. लताबाईंनीच तो शेवटच्या आजारात शिकवला होता. त्या हॉलमधल्या दिवाणावर पडून असत आणि तिथूनच स्वयंपाकघरात आवाज देत, “मोहरी तडतडली का? मग हिंग. हळदीला घाई करू नका.” आणि वरिष्ठांनी बोलावल्यावर देत असत तशा तत्परतेने ते आतून उत्तर देत, “टाकला. टाकली.” असे करत ते पाच-सहा पदार्थ शिकले. लताबाई दोन घास खात आणि म्हणत, “मीठ बरोबर आहे.” नोकरीत पदोन्नती मिळाली तेव्हाही त्यांना एवढे बरे वाटले नव्हते.

लताबाई गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसे आपापल्या गावी गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सवयीने तांदूळ धुतला. एक मूठ. कुकरच्या भांड्याच्या तळाशी तो कोणाच्या हातून सांडल्यासारखा दिसत होता. त्यांनी भांडे तसेच झाकून ठेवले. त्यानंतर चहा, खारी, कधी केळे, कधी काहीच नाही. मध्ये एका खाणावळीचा डबा लावून पाहिला. डबेवाला बेल वाजवी, डबा कडीला अडकवी आणि दोन-दोन पायऱ्या उतरत निघून जाई. सावळीराम खुर्चीच्या हातांना रेटा देऊन उठत, भिंतीच्या आधाराने दारापर्यंत येत, कडी काढत. जिना रिकामा असे. डबा तेवढा अजून हलत असे. महिनाभराने त्यांनी तो बंद केला आणि विचारणाऱ्यांना सांगितले की तेल फार असते.

म्हणून नववी सूचना.

एका संस्थेच्या ज्येष्ठांसाठीच्या डबा योजनेचा हा अर्ज आणून दिला होता समोरच्या वत्सलाबाईंनी. निवृत्त शिक्षिका असल्याने त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असाच निघे.

“काका, भरला का फॉर्म?”

“वाचतोय.”

“तीन दिवस वाचताय! पेपर आहे का तो?” त्या दारातच उभ्या राहिल्या. “आणि नीट ऐका. घरी बघायला माणूस येतं. सगळं बघून लिहून नेतात. माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंचा अर्ज गेला, का माहितीये? ओट्यावर पोळपाट ओलं दिसलं! म्हणजे म्हणे करता येतं की तुम्हाला. झालं, फुली.”

“नियमाने बरोबर आहे त्यांचं.”

“नियम राहू द्या तुमचा. घरपोच डबा ज्याला रांधता येत नाही त्यालाच. बाकीच्यांनी त्यांच्या हॉलमध्ये जाऊन पंगतीत जेवायचं. तुम्ही रोज तीन मजले उतरणार, चढणार? भांडीकुंडी उचलून ठेवा. ओटा कसा कोरडा ठणठणीत पाहिजे.”

“म्हणजे खोटं बोलायचं.”

“बोलायचं कुठे? दिसू द्यायचं नाही फक्त. आणि चहा विचारू नका! तुम्हाला खोड आहे. लाइटचं मीटर बघायला आला तरी चहा.” मग आवाज थोडा उतरवून त्या म्हणाल्या, “मी पंधरा दिवस सटाण्याला चाललेय मुलीकडे. नाहीतर मीच आले असते मध्ये बसायला.”

सावळीरामांनी अर्ज भरला. एकही रकाना मोकळा ठेवायचा नाही हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. ‘सोबत राहणाऱ्या व्यक्ती’ या रकान्यात त्यांनी लिहिले: निरंक. हा शब्द त्यांनी हजारो वेळा लिहिला होता आणि दरवेळी तो केवळ एक शब्द होता. ‘दिवसातून किती वेळा एकटे जेवता?’ यापुढे लिहिले: दोन्ही वेळा. मग थोडा विचार करून शेवटी कंसात जोडले: जेवल्यास. सतराव्या रकान्यात प्रश्न होता, ‘अर्जदार स्वतः स्वयंपाक करू शकतो काय? होय/नाही’, आणि त्याखाली छापले होते की हा रकाना पाहणी करणारी व्यक्ती भरेल. तेवढ्याने त्यांना हायसे वाटले. आपल्या हातून खोटे लिहिले जाणार नव्हते.

पाहणीचा दिवस मंगळवार ठरला, अकरा ते एकच्या दरम्यान. जयंती होऊन आठवडा झाला होता. कॉलनीतले निळे झेंडे अजून खांबांवर होते, पण वारा पडल्यामुळे एकही हलत नव्हता. सावळीरामांनी सकाळी कुकर दिवाणाखाली सरकवला. त्यामागे कढई. मसाल्याचा डबा कुठे ठेवावा हे सुचेना, तेव्हा तो कपाटात लताबाईंच्या साड्यांखाली ठेवला. तांदळाच्या डब्यावर जुनी वर्तमानपत्रे रचली. ओटा पुसला, कोरडा केला, आणि लेखापरीक्षणाच्या आधी टेबल आवरून उभे राहावे तसे ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

मग त्यांच्या लक्षात आले की काही बदललेलेच नाही. त्यांनी जे लपवले ते चौदा महिने असेच लपलेले होते. ओटा काल जितका कोरडा होता तितकाच आज होता. फक्त काल तो पाहायला कोणी येणार नव्हते.

बेल वाजली तेव्हा सव्वा वाजून गेला होता.

दारात एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी उभी होती. गळ्यात संस्थेचे ओळखपत्र, चेहरा उन्हाने लाल, एक हात चौकटीवर टेकलेला. तिने आधी मनगटावरचे घड्याळ पाहिले.

“दोन मिनिटं दहा सेकंद,” ती म्हणाली आणि फायलीत टिपून घेतले. “सॉरी हं आजोबा. दार उघडायला किती वेळ लागतो ते बघावं लागतं. मी सृष्टी. उशीर झाला, आठवं घर आहे हे आजचं.”

“या मॅडम. बसा.”

ती दिवाणावर बसली. त्यांनी माठातले पाणी आणून दिले. पाण्याबद्दल वत्सलाबाई काही म्हणाल्या नव्हत्या. तिने दोन पेले एका दमात संपवले आणि तिसरा मागितला. मग प्रश्न सुरू झाले. औषधे कोणती, पडला होता का कधी, रात्री उठावे लागते का, कोणाचा फोन येतो, शेजारी कोण. सावळीराम प्रत्येक प्रश्नाला तारखेसह उत्तर देत होते. वजन विचारल्यावर त्यांनी दवाखान्याचे दोन कागद काढून दाखवले, चौदा महिन्यांपूर्वीचा आणि परवाचा. तिने दोन्ही आकडे लिहिले आणि क्षणभर पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिले.

त्या शांततेत तिच्या पोटातून मोठा आवाज आला.

“अय्या, सॉरी!” ती ओशाळून हसली. “सकाळी डबा भरला आणि घरीच राहिला. डब्याची पाहणी करत फिरतेय आणि स्वतःचाच डबा नाही.”

“मग आता?”

“आता पाथर्डी फाट्याकडची चार घरं आहेत. ती झाली की खाईन कुठेतरी काहीतरी.” तिने पान उलटले. “स्वयंपाकघर बघते हं एकदा.”

ती आत गेली. सावळीराम बाहेर खुर्चीत बसून राहिले. कोरड्या ओट्यासमोर ती पाठमोरी उभी असलेली त्यांना दिसत होती. तिने ओट्यावरून बोट फिरवले, नळ उघडून बंद केला. सारे काही ठरल्याप्रमाणे चालले होते. आणखी पाच मिनिटे गप्प बसले की झाले. मग रोज दुपारी बेल वाजणार होती, कोणीतरी डबा हातात देणार होते, समोर बसणार होते, ऊन फार आहे, रस्ता खणून ठेवलाय, असे काही बोलणार होते. किमान दहा मिनिटे. त्यांनी ओठ घट्ट मिटले. चौतीस वर्षे वरिष्ठांसमोर जमले ते आता पाच मिनिटे जमायला हरकत नव्हती.

“पंधरा मिनिटं बसता का?” ते म्हणाले. “पिठलं-भात होईल.”

ती वळली. “काय?”

“पिठलं. भात.”

“नको नको आजोबा. आम्हाला चालत नाही.”

“कोणाला चालत नाही?”

“संस्थेला. कुणाकडे काही घ्यायचं नाही असं सांगितलंय.”

“पाणी घेतलंत.”

“पाणी चालतं.”

“पिठल्यात पाणीच जास्त असतं.”

ती हसली, आणि ती हसली तिथेच गोष्ट ठरून गेली. सावळीराम दिवाणाशी वाकले. गुडघा आडवा आला. हात कुकरपर्यंत पोचेना. ते काही म्हणण्याआधी सृष्टी फरशीवर बसली, दिवाणाखाली हात घातला आणि कुकर बाहेर ओढला, मागोमाग कढई. कुकरच्या झाकणावर धूळ होती. तिने कुकरकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. सावळीरामांनी नजर भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे वळवली.

“अजून काही आहे का खाली?” तिने विचारले.

“नाही. मसाल्याचा डबा कपाटात आहे. साड्यांखाली.”

तिला हसू आले होते, पण कपाट उघडून साड्यांची चळत उचलताना ते मावळले. साड्यांना जिऱ्याचा वास लागला होता.

तांदळाच्या डब्यात सावळीरामांनी हात घातला. एक मूठ. दुसरी. तिसरी थोडी अर्धी. कांदा चिरताना त्यांच्या लक्षात आले की हात काही विसरलेले नाहीत. तेल तापले. बाहेरून आवाज आला, “आजोबा, काही मदत करू का?”

सावळीरामांनी हातातली मोहरी तेलात सोडली. आवाज दिवाणावरून आला होता.

“नको,” ते म्हणाले. “मोहरी तडतडली.”

हे तिला का सांगितले ते त्यांचे त्यांना कळले नाही, आणि तिनेही विचारले नाही.

दोन ताटे मांडली गेली. भात थोडा चिकट झाला होता, पिठले मात्र जमले होते. शेंगदाण्याची चटणी गेल्या दिवाळीची निघाली, ती तिने हुंगून बाजूला ठेवली आणि म्हणाली, “हिला आता निवृत्त करा.” ती भुकेल्या माणसासारखी भराभर जेवली, दुसऱ्यांदा भात घेतला, आणि बोलत राहिली. ती मूळची येवल्याकडची. इथे दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. तिघींच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे जेवताना समोर मोबाइल. सावळीराम ऐकत होते. मध्येच त्यांना दिसले की आपले ताट रिकामे झाले आहे. त्यांनी पुन्हा वाढून घेतले. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत त्यांच्या पायांपर्यंत आला होता. त्यांना वाटले, हा पट्टा रोजच इथवर येत असणार.

हात धुऊन ती पुन्हा फाइल घेऊन बसली. पेन सतराव्या रकान्यावर आले आणि थांबले.

“आजोबा, आता मी काय लिहू?”

सावळीरामांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“‘होय’ लिहिलं की घरपोच डब्याच्या यादीतून नाव जातं. मग फक्त हॉलमधली पंगत. रोज खाली उतरावं लागेल तुम्हाला.” ती थोडा वेळ पेनाचे टोपण चावत राहिली. मग हलक्या आवाजात, पण निश्चयाने म्हणाली, “मी ‘नाही’ लिहिते. ओटा मी बघितला, कोरडा होता. बास. मी इथे जेवलेच नाही असं समजू.”

सावळीरामांना याहून सोपे काही नको होते. मान हलवायची होती, तीही नाही. नुसते गप्प राहायचे होते. पण तिच्या शेवटच्या वाक्याने त्यांना सुरगाण्याच्या डोंगरातली एक दुपार आठवली. ती त्यांनी कधी कोणाला सांगितली नव्हती, लताबाईंनासुद्धा नाही.

“मीही अशा पाहण्या केल्यात,” ते म्हणाले. “निराधार अनुदानाच्या. सुरगाण्याकडे एक सखुबाई होती. एकटी, म्हातारी. जीप मला सोडून गेली ती चार वाजता परत येणार होती. तिने मला विचारलंच नाही, चूल पेटवली. म्हणाली, ‘भाकर नागलीची हाय साहेब, चालंल ना?’ उडदाची आमटी होती. समोर बसून राहिली, मी जेवेपर्यंत. मग स्वतः जेवली.”

“मग?”

“मग जीपमध्ये बसून मी गुडघ्यावर फाइल ठेवली आणि लिहिलं, अर्जदार स्वतः रांधून खाते. सक्षम.”

सृष्टीने पेन फायलीवर आडवे ठेवले.

“एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. दुसऱ्या वर्षी त्याच पाड्यावर गेलो तर ती गेलेली, घर मोडलेलं. शेजारणीने सांगितलं, कोणी आलं तरच ती चूल पेटवायची. एरवी कुठे काही मिळालं तर खायची, नाहीतर पडून राहायची.”

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

“म्हणजे मी ‘नाही’च लिहायला पाहिजे ना?” सृष्टीने विचारले. “तुम्ही तेव्हा लिहायला हवं होतं तसं.”

“नाही.” सावळीरामांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. “तुम्ही म्हणालात, जेवलेच नाही असं समजू. ते मला जमायचं नाही, बाळ. चौदा महिन्यांनी आज या घरात दोन ताटं मांडली गेली. तुम्ही दोनदा भात घेतलात. मीही घेतला. ते झालंच नाही असं कागदावर यायचं, आणि त्या कागदाच्या जोरावर मी रोज डबा खायचा…” त्यांनी फायलीकडे बोट दाखवले. “‘होय’ लिहा. आणि खाली शेऱ्याची जागा आहे, तिथे मी सांगतो ते लिहा.”

“काय?”

“‘स्वयंपाक करू शकतात. एकट्यासाठी करत नाहीत.’”

तिने लिहिले. अक्षर गोल आणि शाळकरी होते. लिहून झाल्यावर ती म्हणाली, “शेरा कोणी वाचत नाही आजोबा. वर फक्त होय-नाही मोजतात.”

“ठाऊक आहे,” सावळीराम म्हणाले. “मीही कधी वाचला नाही.”

ती निघाली तेव्हा पावणेतीन झाले होते. जिन्यातून तिची पावले एकेका मजल्याने लहान होत गेली. सावळीराम दार उघडे ठेवून ऐकत राहिले. मग त्यांनी दोन्ही ताटे घासली, पुसली, आणि कुकर ओट्यावरच राहू दिला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते कुकरपाशी गेले, झाकण काढून आत पाहिले आणि पुन्हा लावले. चहा केला. खारी होती.

नवव्या दिवशी मोबाइलवर संदेश आला. ‘घरपोच डबा: अपात्र. केंद्रावरील भोजन: पात्र. वेळ दुपारी बारा ते एक.’ सावळीरामांनी तो कचेरीतल्या नजरेने वाचला आणि त्यात त्यांना काही चूक सापडली नाही. हा अर्ज त्यांच्या टेबलावर आला असता तर त्यांनीही हेच केले असते. संध्याकाळी सृष्टीचा फोन आला. ती वरिष्ठांशी बोलली होती; शेरा वाचूनही दाखवला होता. “मॅडम म्हणाल्या, असं प्रत्येकाचं मन बघत बसलो तर यादी संपायची नाही. मी लिहायलाच नको होतं ‘होय’.”

“तुम्ही बरोबर लिहिलंत.”

“या ना पण हॉलवर. याल ना?”

“तुम्ही असता का तिथे?”

“नाही हो. मी फिरतीवरच असते.” ती घोटाळली. “पण चांगली असतात माणसं.”

“येईन,” सावळीराम म्हणाले, आणि रविवारच्या उत्तरासारखेच हेही एक उत्तर असेल असे त्यांना स्वतःलाच वाटले.

पण सोमवारी त्यांनी इस्त्रीचा सदरा काढला. अकराला दाराला कुलूप लावले. चोपन्न पायऱ्या होत्या. पहिल्या वळणावर ते दहा मिनिटे उभे राहिले, दुसऱ्या वळणावर तिथे कोणाची तरी सायकल होती तिला टेकून त्याहून अधिक. खाली उतरल्यावर उन्हाने डोळे दिपले. कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याच्या पेटीवर बसून घेतले. तो म्हणाला, “बाबा, लय दिवसांनी?” ते म्हणाले, “हो.” मग पुन्हा चालू लागले. जॉगिंग ट्रॅकच्या मागच्या गल्लीत तो हॉल होता. दारापाशी पोचले तेव्हा एक वाजायला आठ मिनिटे कमी होती.

पंगत उठली होती. आत लांबच लांब टेबले होती आणि खुर्च्या मागे सरकलेल्या. म्हातारी माणसे दोघे-तिघे मिळून नळावर हात धुवत होती, एकमेकांना टॉवेल देत होती, कोणी कोणाला दाताच्या कवळीवरून चिडवत होते. त्यांची बोलणी फार पूर्वी कधीतरी सुरू झालेली होती आणि त्यांत नव्याने शिरायला जागा नव्हती. सावळीराम परत फिरणार तोच आवरासावर करणारी बाई म्हणाली, “नवीन का बाबा? बसा, बसा. आहे शिल्लक.”

तिने कोपऱ्यातल्या टेबलावर ताट ठेवले. दोन पोळ्या, दुधीची भाजी, वरण, भात. सगळे निवत आलेले. सावळीराम जेवू लागले. एकेक करून माणसे गेली. पंखे बंद झाले; त्यांच्या डोक्यावरचा एक तेवढा राहिला. त्या बाईने सगळी टेबले पुसत आणली, त्यांचेही पुसले, त्यांच्या ताटाभोवतीची जागा सोडून. मग दुसरे काम उरले नाही तेव्हा ती समोरची खुर्ची ओढून बसली. फडके मांडीवर घेतले.

“तुम्हाला खोळंबा झाला,” सावळीराम म्हणाले.

“छे. एवढं एक ताट घासलं की सुटलेच मी.” तिने पदराने मान पुसली. “सावकाश जेवा. कुठून येता?”

“इथूनच. तिसरा मजला.”

“अगं बाई. लिफ्ट नाही?”

“नाही.”

“आमच्याकडंबी नाय. पाण्याचे हंडे चढवून चढवून माझी कंबर गेली बघा.” आणि ती कमरेचे सांगू लागली, मग पाण्याचे, मग वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचे, जो रात्री मोटर चालू ठेवून झोपतो. ती ताटासाठी थांबली होती, त्यांच्यासाठी नाही, हे सावळीरामांना पुरते कळत होते. तरी ते मान डोलवत होते, मध्ये “मग?” असे विचारत होते. भात संपला. वरण संपले. पोळीचा शेवटचा तुकडा ताटात राहिला तेव्हा तिने बोलता बोलता त्या तुकड्याकडे पाहिले आणि खुर्चीत थोडी पुढे सरकली.

सावळीरामांनी तो तुकडा हातात घेतला, आणि त्याचे दोन घास केले.